खोती निर्मूलन आणि संविधानातील सत्ताविभागणी

ज्या मूलभूत कायद्याने राष्ट्राच्या शासनाची अंगे निर्माण होतात, त्या अंगांना अधिकार मिळतात आणि त्या अधिकारांच्या मर्यादाही आखल्या जातात, त्या कायद्यास संविधान अथवा राज्यघटना असे म्हणतात. कायदा कोणी करावा, तो कोणी राबवावा, त्याची वैधता कोणी तपासावी आणि या तिघांपैकी एकाने केलेले दुसऱ्यास कोणत्या रीतीने बदलता यावे, हे संविधान ठरविते. भारताच्या संविधानातील ही विभागणी प्रत्यक्षात कशी चालते, याचे एक बोलके उदाहरण म्हणजे कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील, खोती पद्धतीचे निर्मूलन होय. १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेत मांडले गेलेले खोतीविरोधी विधेयक कायद्यात रूपांतरित होऊ शकले नाही. तीच मागणी १९५० मध्ये कायदा बनून आली आणि १९५१ मध्ये त्या कायद्याचे नाव थेट संविधानाच्या नवव्या अनुसूचीत नोंदले गेले.

संविधानाचे प्रयोजन

संविधानाचा हेतू राज्यकर्त्यांच्या सत्तेला लगाम घालणे हा आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. केवळ लगामच घालावयाचा असता तर शासनाचे अधिकार जितके कमी तितके संविधान चांगले, असे म्हणावे लागले असते. परंतु समाजात शासनाबाहेरही सत्ता असते. गावातील जमिनीवर, पाण्यावर, पायवाटेवर आणि दुसऱ्याच्या श्रमांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सत्ता ही कागदोपत्री खाजगी हक्क म्हणून ओळखली जाते. पण तिच्याखाली राहणाऱ्याला ती राजसत्तेइतकीच जाणवते. अशी सत्ता मोडावयाची तर शासनास पुरेसे बळ हवे आणि ते बळ उद्या निरपराध माणसावर उलटू नये यासाठी त्यावर पहाराही हवा. भारतीय संविधानाच्या रचनेत या दोन्ही गरजा एकमेकींशेजारी ठेवलेल्या आढळतात आणि त्यांच्यातील ताण कोठेही पूर्णपणे मिटविलेला नाही.

घटना समितीने संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले आणि ते २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले. मूळ संविधानात ३९५ अनुच्छेद व ८ अनुसूची होत्या. त्याच्या उद्देशिकेत न्यायाचे तीन प्रकार सांगितले आहेत: सामाजिक, आर्थिक व राजनैतिक. खोतीच्या प्रश्नाला या तिन्हींचा स्पर्श होतो.

खोती पद्धत

खोत हा कोकणातील गावाचा वंशपरंपरागत वसुली अधिकारी होता. संपूर्ण गावाचा शेतसारा सरकारात भरण्याची जबाबदारी तो कबुलायत लिहून देऊन पत्करीत असे आणि त्या मोबदल्यात गावातील कुळांकडून ठरलेला हिस्सा वसूल करीत असे. सरकारी सारा आणि कुळांकडून आलेले उत्पन्न यांतील फरक म्हणजे ‘खोती फायदा’. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) हे जिल्हे या पद्धतीचे मुख्य क्षेत्र होते. देशावर रयतवारी पद्धतीत शेतकरी सरकारला थेट सारा देत असे. कोकणात मात्र बहुसंख्य गावांत शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये खोत उभा होता.

सर्व कुळांची स्थिती एकसारखी नव्हती. धारेकरी हा आपल्या जमिनीचा ठरलेला सारा तेवढा भरी आणि त्याचा हक्क बराच पक्का असे. त्याच्या खालोखाल निरनिराळ्या नावांची, निरनिराळ्या दराने देणे देणारी कुळे होती. सर्वांत खाली होती ती उपरी कुळे, ज्यांना खोत वाटेल तेव्हा जमिनीवरून काढू शकत असे. भातजमिनीच्या पिकाचा निम्मा वाटा देण्याच्या रीतीस ‘अर्धेल’ आणि तिसरा हिस्सा देण्याच्या रीतीस ‘तिर्धेल’ असे म्हणत. डोंगरउताराच्या वरकस जमिनीतील नाचणी-वरीवरही खोताचा वाटा असे. पिकाची आणेवारी ठरविताना खोताचा शब्द वजनदार ठरे, कारण पीक मोजणारा तोच आणि घेणाराही तोच.

याखेरीज वेठबिगार होती. खोताच्या शेतात विनामोबदला नांगर धरणे, घर शाकारणे, पालखी-मेणा वाहणे, लाकूडफाटा पोहोचविणे अशी कामे कुळांकडून व गावातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींकडून करून घेतली जात. सर्वच खोत जुलमी होते असे मुळीच नाही. कित्येक खोती घराणी वाटण्या होऊन कुळांइतकीच गरीब झालेली होती आणि मुंबईच्या नोकरीवर जगत होती. पण चांगला खोत आणि वाईट खोत यांतील फरक खोताच्या स्वभावावर अवलंबून राहावा, कायद्यावर नव्हे, हाच त्या पद्धतीचा खरा दोष होता.

१८८० चा कायदा

ब्रिटिश सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रत्नागिरी जिल्ह्यात जमीन-मोजणी सुरू केली, तेव्हा खोत हा मालक की केवळ वसुली करणारा मध्यस्थ, असा वाद उभा राहिला. त्यावर उत्तर म्हणून खोती सेटलमेंट कायदा, १८८० संमत झाला. त्याने खोतांचे वंशपरंपरागत हक्क मान्य केले आणि काही वर्गांतील कुळांना कायम वहिवाटीचे संरक्षणही दिले. कोणत्या कुळाकडे कोणती जमीन, त्याचा दर्जा काय आणि देणे किती, याची नोंद ‘बोतखत’ नावाच्या दप्तरात होऊ लागली. ज्याचे नाव बोतखतात चुकीच्या सदरात चढले त्याला पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याचा जाच झाला.

या कायद्याची चर्चा ज्या मुंबई विधिमंडळात झाली त्याचे सदस्य तेव्हा सरकारनियुक्त असत. दापोली तालुक्यातील मुरुड येथे जन्मलेले विद्वान वकील रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे त्या काळी या मंडळाचे सदस्य होते आणि खोतांच्या हक्कांचे ते अभ्यासू पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. त्यांच्या युक्तिवादाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही; पण त्या सभागृहात उपरी कुळाच्या बाजूने तितक्याच अधिकाराने बोलणारा, कुळांनी स्वतः निवडून पाठविलेला कोणीही नव्हता, असू शकत नव्हता. कायदा करणाऱ्या सभेत कोण बसतो हा संविधानातील पहिला प्रश्न का असतो, ते येथे दिसते.

१९३७ चे विधेयक

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत कोकणातील कुळे संघटित होऊ लागली. कुलाबा जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा वर्षे टिकला. खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहीत, एवढाच त्याचा साधा निर्धार होता. जमिनी पडीक राहिल्या, कुळांच्या घरी चुली विझल्या, तरी संप मोडला नाही.

याच काळात गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्ट, १९३५ या कायद्यान्वये प्रांतांना मर्यादित स्वायत्तता मिळाली आणि १९३७ च्या प्रारंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार मुंबई प्रांतात निवडून आले. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर आणि सुरबानाना टिपणीस हे आंबेडकरांचे सहकारी कोकणातील शेतकरी चळवळीशी जोडलेले होते. खुद्द आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे असून सैन्यातील निवृत्तीनंतर त्यांचे वडील सुभेदार रामजी काही काळ दापोली येथे कुटुंबासह राहिले होते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी, विधानसभेच्या पुणे येथील अधिवेशनात, आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती पद्धत काढून टाकून रयतवारी लागू करावी, प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्यास जमीन महसूल कायद्याखालील कब्जेदाराचा दर्जा द्यावा आणि खोतांना वाजवी भरपाई द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. भरपाईची तरतूद त्यात मुळापासूनच होती, ही गोष्ट पुढील घडामोडींच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळाच्या इमारतीवर गेला आणि त्याच्या शिष्टमंडळाने मुख्यमंत्री (तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान) बाळ गंगाधर खेर यांच्यापुढे मागण्या ठेवल्या. खेर यांचा जन्म १८८८ चा, रत्नागिरीचा. विधेयक मांडणारा आणि सरकारचा प्रमुख हे दोघेही एकाच जिल्ह्याशी नाते सांगणारे होते.

विधेयक पुढे सरकले नाही. सत्तारूढ काँग्रेस पक्षाने त्यास पाठबळ दिले नाही आणि १९३९ च्या अखेरीस, दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर, प्रांतिक मंत्रिमंडळांनीच राजीनामे दिले. कुळांना त्यातल्या त्यात मिळाले ते १९३९ चे कूळकायद्याचे संरक्षण. खोत जागच्या जागी राहिला.

या अपयशाचे कारण केवळ पक्षीय राजकारणात शोधणे पुरेसे नाही. १९३५ च्या कायद्यातील सत्तेची मांडणीच अशी होती की जमिनीचा प्रश्न प्रांतांच्या सूचीत देऊनही त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती राहावी. त्या कायद्याच्या कलम २९९ अन्वये जमिनीवरील किंवा जमीन महसुलाविषयीचे हक्क नष्ट करणारे अथवा बदलणारे विधेयक मांडण्यासाठी गव्हर्नरची पूर्वसंमती आवश्यक होती, आणि ती देणे न देणे हे गव्हर्नरच्या स्वेच्छाधिकारात होते. गव्हर्नरची नेमणूक ब्रिटिश राजसत्ता करी. मताधिकारही मर्यादित होता: मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींमुळे संपूर्ण ब्रिटिश भारतात सुमारे ३ कोटी लोकांनाच मत होते. उपरी कूळ या अटींत क्वचितच बसे. जबाबदार मंत्रिमंडळ, निवडून आलेली विधानसभा, स्वतंत्र न्यायालये हे सर्व कागदावर होते. परंतु अंतिम शब्द प्रांतातील कोणत्याही नागरिकाचा नव्हता. अशा मूलभूत कायद्यास शासनरचना म्हणता येईल. लोकांनी स्वतःस दिलेले संविधान म्हणता येणार नाही.

१९५० चा कायदा

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. गव्हर्नरचा स्वेच्छाधिकार १९४७ मध्ये संपला. १९४६ पासून खेर पुन्हा मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते आणि मध्यस्थ नष्ट करण्याचे धोरण काँग्रेसने जाहीरपणे स्वीकारले होते. या काळातील एक योगायोगही नोंदवावा असा आहे. बंगालच्या फाळणीमुळे आंबेडकरांचे घटना समितीतील सदस्यत्व धोक्यात आले, तेव्हा समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी खेर यांनाच पत्र लिहून आंबेडकरांना मुंबईतून निवडून पाठविण्याची सूचना केली आणि जुलै १९४७ मध्ये ते निवडून आले. ज्या मुख्यमंत्र्यांच्या कारकीर्दीत खोतीचे विधेयक अडकले, त्यांच्याच विधानसभेने त्या विधेयकाच्या कर्त्यास मसुदा समितीपर्यंतची वाट मोकळी करून दिली.

खोती नष्ट करणारा कायदा १९५० चा मुंबई अधिनियम क्रमांक ६ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या नावात १९४९ हे साल येते, तर नवव्या अनुसूचीत त्याचा उल्लेख १९५० च्या सालाने आहे. अभ्यासकांचा त्यामुळे गोंधळ होतो, पण कायदा एकच. या कायद्याने खोती हक्क रद्द झाले, खोती गावांतील जमिनी थेट सरकारी आकारणीखाली आल्या, कायम कुळांना कब्जेदार होण्याचा मार्ग मिळाला आणि खोतांना भरपाई मागण्याची सोय झाली. उरलेल्या कुळांचा प्रश्न कूळकायद्याने हाताळला. त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. हा कायदा करणारी विधानसभा प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती; ती १९४६ च्या मर्यादित मताधिकाराची होती. प्रत्येक प्रौढ नागरिकास मत देणारी पहिली निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. तेव्हा ‘मत मिळाले म्हणून खोती गेली’ असे समीकरण मांडणे इतिहासाशी जुळत नाही. उद्या प्रत्येक कूळ मतदार होणार आहे याची जाणीव मात्र १९४९ मध्ये सभागृहात बसलेल्या प्रत्येक सदस्यास असणार, हे नाकारता येत नाही.

नव्या संविधानाने सत्तेची वाटणी पुढीलप्रमाणे केली. अनुच्छेद २४६ आणि सातवी अनुसूची यांनुसार विषयांच्या तीन सूची झाल्या: संघ सूची, राज्य सूची व समवर्ती सूची. जमीन, जमिनीवरील हक्क आणि कूळ-मालक संबंध हे राज्य सूचीच्या १८ व्या नोंदीत आले, म्हणजे खोतीवर कायदा करण्याचा अधिकार निःसंशयपणे मुंबई राज्याचा ठरला. वेठबिगारीचा प्रश्न मात्र कोणत्याच विधिमंडळाच्या मर्जीवर ठेवला गेला नाही. अनुच्छेद २३ ने वेठबिगार मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच निषिद्ध केली. बहुतेक मूलभूत हक्क शासनाविरुद्ध असतात. हा हक्क खाजगी व्यक्तीविरुद्धही चालतो. खोताच्या शेतात फुकट नांगर धरणाऱ्या माणसाला संविधानाने दिलेले संरक्षण सरकारपासूनचे नव्हते, खोतापासूनचे होते.

पहिली घटनादुरुस्ती

विधिमंडळाने कायदा केला की प्रश्न संपतो, असे संविधानात नाही. अनुच्छेद १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत ठरतो आणि अनुच्छेद ३२ व २२६ अन्वये नागरिक थेट सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाकडे जाऊ शकतो. मूळ संविधानात मालमत्तेचा हक्कही मूलभूत होता (अनुच्छेद १९(१)(च) आणि ३१). तो हक्क जसा झोपडीच्या मालकाचा तसाच खोताचा आणि जमीनदाराचाही होता.

देशभरातील जमीनदारांनी न्यायालयांत धाव घेतली. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा रद्द ठरविला. दरभंग्याचे महाराज कामेश्वर सिंह हे त्यातील वादी होते. लहान जमीनदारास जास्त पटीने आणि मोठ्यास कमी पटीने भरपाई देणे हे अनुच्छेद १४ मधील समानतेच्या तत्त्वास धरून नाही, असा तो निर्णय होता. अलाहाबाद व नागपूर येथील उच्च न्यायालयांनी आपापल्या प्रांतांचे कायदे वैध ठरविले होते. अनुच्छेद ३१ मध्ये अशा काही कायद्यांना भरपाईच्या आक्षेपापासून संरक्षण होते. समानतेच्या आक्षेपापासून नव्हते. घटनाकारांनी एक दार बंद केले होते, आव्हान दुसऱ्या दाराने आले.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या सरकारने त्यावर घटनादुरुस्तीचा मार्ग पत्करला. १८ जून १९५१ रोजी अमलात आलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१-क आणि ३१-ख घातले आणि संविधानाला नववी अनुसूची जोडली. या अनुसूचीत ज्या कायद्याचे नाव असेल तो मूलभूत हक्कांशी विसंगत आहे या कारणावरून रद्द ठरणार नाही, अशी ही व्यवस्था होती. प्रारंभी तीत १३ कायदे होते. त्यांपैकी क्रमांक २ ते ७ हे सहा कायदे एकट्या मुंबई राज्याचे होते आणि त्यांतील सहावा क्रमांक खोती कायद्याचा. यादीत येण्यासाठी एखाद्या कायद्याविरुद्ध आधी निकाल लागलेला असणे आवश्यक नव्हते. पुढे येऊ शकणारे आव्हान आधीच थोपविणे हाच हेतू होता. ही दुरुस्ती संमत झाली तेव्हा आंबेडकर केंद्रात कायदामंत्री होते.

दुरुस्तीवरील आक्षेपही गंभीर होते. ती करणारी संसद हंगामी होती. सार्वत्रिक निवडणूक अद्याप व्हावयाची होती. संविधान लागू होऊन दीड वर्षही झाले नसता त्यात बदल करणे घाईचे आहे, असे श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्यासारख्या सदस्यांचे म्हणणे होते. त्याच दुरुस्तीने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधांची व्याप्तीही वाढविली, त्यामुळे जमीन सुधारणेचे समर्थक असणाऱ्यांनाही तिचा सरसकट पुरस्कार करणे अवघड गेले. न्यायालयाच्या तपासणीपासून काही कायदे बाजूला काढून ठेवण्याची युक्ती एकदा हाती आल्यावर ती केवळ खोती-जमीनदारीपुरती वापरली जाईल याची हमी कोण देणार, हा प्रश्न तेव्हाच विचारण्यासारखा होता. पुढील काळाने तो खरा ठरविला. आज या अनुसूचीतील कायद्यांची संख्या २८४ आहे आणि ते सगळेच जमिनीविषयीचे नाहीत.

न्यायालय आणि संसद

पहिल्या दुरुस्तीलाच शंकरीप्रसाद खटल्यात आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९५१ मध्ये ती वैध ठरविली. खोती कायद्याबरोबर यादीत असलेल्या मुंबई राज्याच्या तालुकदारी कायद्याविरुद्ध गुजरातमधील एका तालुकदाराने केलेला दावाही (धीरूभा देवीसिंग गोहिल खटला) अनुच्छेद ३१-ख च्या आधारे फेटाळला गेला. १९३५ च्या कायद्यातील कलम २९९ चा भंग झाला, हा युक्तिवादही त्यात टिकला नाही. ज्या कलमाची भिंत १९३७ मध्ये उभी होती ती अशा रीतीने निष्प्रभ झाली.

१९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी भूमिका बदलली: संसदेस मूलभूत हक्क संकुचित करता येणार नाहीत. संसदेने १९७१ मध्ये २४ व्या घटनादुरुस्तीने त्यावर मात केली. अखेर २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी असा निर्णय दिला की, संसद संविधानाचा कोणताही भाग बदलू शकते, पण त्याची मूलभूत संरचना नष्ट करू शकत नाही. दोन्ही पक्षांना काही मिळाले आणि दोघांनाही काही सोडावे लागले.

महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल मर्यादा कायद्यातून उद्भवलेल्या वामनराव खटल्यात (निर्णय १९८०) न्यायालयाने वरील तारीख हीच सीमारेषा मानली. २४ एप्रिल १९७३ पूर्वी नवव्या अनुसूचीत गेलेले कायदे सुरक्षित. त्यानंतरच्यांना मूलभूत संरचनेच्या कसोटीस उतरावे लागेल. ११ जानेवारी २००७ रोजी आय. आर. कोएल्हो खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हीच भूमिका एकमताने पक्की केली. खोती कायदा १९५१ मध्येच नवव्या अनुसूचीत गेलेला असल्याने तो या रेषेच्या सुरक्षित बाजूस राहतो. मधल्या काळात ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळून अनुच्छेद ३००-क मध्ये कायदेशीर हक्क म्हणून ठेवला.

हा सर्व प्रवास म्हणजे संसद व न्यायालय यांच्यातील भांडण, असे वर्णन वृत्तपत्रांतून आढळते. ते वर्णन वरवरचे आहे. विधिमंडळाने कायदा केला, न्यायालयाने तपासला, संसदेने संविधान बदलले, न्यायालयाने बदलण्याच्या अधिकाराची सीमा सांगितली, आणि संसदेने ती सीमा पाळून हक्काचे स्थान बदलले. प्रत्येक पायरीवर कोणाला तरी थांबावे लागले. या प्रक्रियेचा वेग फार मंद आहे, हा दोष खरा. जमिनीच्या एका दाव्यात माणसाची हयात जाते. परंतु १९३७ मध्ये जो अडथळा होता तो मतदाराला कधीच हलविता आला नसता. १९५१ नंतरचे सर्व अडथळे हलविता येण्याजोगे होते.

सत्तेच्या इतर पातळ्या

संघ आणि राज्य यांच्यातील विभागणी आजच्या रत्नागिरीतही रोजच्या व्यवहारात दिसते. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातून सुटणारी नौका किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत मासेमारी करते तोवर ती महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली असते, कारण मत्स्यव्यवसाय हा राज्य सूचीतील विषय आहे. ती रेषा ओलांडली की मासेमारी संघ सूचीत जाते. राजापूर तालुक्यातील माडबन-जैतापूर येथील नियोजित अणुऊर्जा प्रकल्पाबाबत तीन पातळ्या एकाच जागी येतात. अणुऊर्जा हा संघ सूचीचा विषय, भूसंपादन समवर्ती सूचीचा, आणि जमीन ज्या गावांची त्यांच्या ग्रामसभेला या प्रश्नावर ठराव करता येत असला तरी प्रकल्प रोखण्याचा अधिकार नाही.

ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद ही रचना महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून आहे. तिला संवैधानिक दर्जा मिळाला तो ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येण्याजोगे २९ विषय दिले आहेत, मात्र ते प्रत्यक्ष सोपवावयाचे की नाही हे राज्य विधिमंडळावर सोडले आहे. पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने अधिक अधिकार आहेत; रत्नागिरी जिल्ह्यात असे क्षेत्र नसल्याने येथील ग्रामसभांना ते लागू नाहीत. पूर्वी गावात खोताचा शब्द चाले. आता तेथे सरपंच आहे, पण त्याचा शब्द कोठवर चालावा हा प्रश्न अद्याप राज्य सरकारच्या मर्जीवर बराचसा लोंबकळत राहिला आहे.

जमिनीच्या नोंदी

खोती जाऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तिचा माग महसुली दप्तरांत शिल्लक आहे. कोकणातील जुन्या फेरफारांत आणि काही सातबारा उताऱ्यांवर खोती निसबतीचे शेरे आढळतात. एकाच गटावर खोत घराण्यातील अनेक वारसांची नावे आणि इतर हक्कांत कुळाचे नाव, अशा उताऱ्यांमुळे विक्री, कर्ज व वारसनोंद ही कामे अडतात. मुंबईत स्थायिक झालेल्या कुळांच्या वारसांना अनेकदा आपले नाव कोणत्या सदरी आहे याचीही माहिती नसते.

कुळाच्या हक्काचा वाद प्रथम तहसीलदाराकडे (शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून) चालतो. त्यावरील अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे, पुढे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे आणि त्यानंतर उच्च न्यायालयाकडे जाते. पहिल्या दोन पायऱ्यांवरील अधिकारी हे कार्यकारी शाखेचे असून न्यायदानाचे काम करतात. म्हणजे सत्तेच्या शाखांची विभागणी या ठिकाणी संविधानाच्या पुस्तकात दिसते तितकी काटेकोर नाही. रत्नागिरीतील पक्षकारांना उच्च न्यायालयासाठी दीर्घकाळ मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले असून रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात.